शिजणे, मुरणे आणि लिंबातला मासा

मासा लिंबाच्या रसात ठेवला की तो चुलीवाचून शिजतो, असे हल्ली मराठीत सर्रास ऐकू येते. पुण्या-मुंबईच्या हॉटेलांतला 'सेविचे' नावाचा पदार्थ आता घराघरांत करून पाहिला जातो आणि त्याच्या पाठोपाठ हे वाक्यही आले आहे. पदार्थाबद्दल माझी तक्रार नाही. वाक्यातल्या 'शिजतो' या क्रियापदाबद्दल मात्र आहे, आणि बीड जिल्ह्यात ती मांडणे मला अधिक गरजेचे वाटते. बीड आणि मुंबई ही दोन्ही शहरे जवळजवळ एकाच अक्षांशावर, एकोणीस अंशांच्या आसपास आहेत. बीडहून सरळ पश्चिमेची वाट धरली तर सुमारे ३०० किलोमीटरवर समुद्र लागतो. म्हणजे पापलेट-सुरमई इथे बर्फातून येणार, आणि खरोखर ताजा मिळेल तो गोड्या पाण्यातला मासा: माजलगावच्या धरणातला, गेवराईकडच्या गोदावरीतला, धनेगावच्या मांजरा धरणातला रोहू, कटला, मरळ, वाम, आणि त्यांच्या जोडीला झिंगे. अशा माशाला कोणी 'लिंबात शिजला' म्हणून ताटात वाढले, तर क्रियापदाची चूक पोटापर्यंत पोचेल.

'शिजणे' हा शब्द मोठ्या घराण्यातला आहे. संस्कृतात 'सिध्यति' म्हणजे सिद्ध होतो, तडीस जातो. प्राकृतात त्याचे 'सिज्झइ' झाले आणि मराठीत 'शिजणे'. वाट अगदी नेहमीची आहे. संध्येची सांज झाली, मध्यगृहाचे माजघर झाले, तसाच इथल्या 'ध्य'चा 'ज' झाला. इकाराच्या संगतीत 'स'चा 'श' होणे हीही मराठीची जुनी खोड; 'सीव्यति'चे शिवणे आणि सिंदूराचा शेंदूर तिच्यातूनच आले. तेव्हा भात शिजला याचा मुळातला अर्थ भात सिद्ध झाला, कामाला आला. या मुळात आग नाही, पाणी नाही, पातेलेही नाही. 'सिद्ध'वरूनच 'शिधा' आला असे कोशकार सांगतात, आणि शिधा तर चक्क कोरडा असतो: तांदूळ, डाळ, पीठ, गूळ. २०२२च्या दिवाळीत सरकारने रेशन दुकानांतून शंभर रुपयांत रवा, चणाडाळ, साखर आणि तेल दिले, त्याला 'आनंदाचा शिधा' म्हटले. एकही जिन्नस शिजलेला नसताना नाव 'सिद्ध'च्या कुळातले. सज्ज करून हातात दिलेले, एवढाच त्यातला भाव.

यावर कोणी म्हणेल, मुळात आग नाही तर लिंबातल्या माशाला शिजलेला म्हणायला काय हरकत आहे? हरकत अशी की शब्दाचे मूळ आणि शब्दाचे आजचे काम या दोन गोष्टी आहेत, आणि स्वयंपाकघरात कामाला मान असतो. मराठी स्वयंपाकाची क्रियापदे कमालीची काटेकोर आहेत. पापड भाजतात, भजी तळतात, अंडी उकडतात, कांदा परततात, भात आणि डाळ शिजवतात. सुगीच्या आधी बीडच्या शेतात ज्वारीचा हुरडा भाजतात. तो 'शिजवला' असे कोणी म्हणत नाही. ओल्या उष्णतेने पदार्थ आतपर्यंत मऊ होणे, हे शिजण्याचे ठरलेले काम. म्हणूनच 'शिजलं का गं?' या साध्या प्रश्नात एक भरवसा दडलेला असतो. होय म्हटले की पदार्थ निर्धास्त खावा.

हा भरवसा लिंबू देऊ शकत नाही. लिंबाच्या रसात साधारण पाच-सहा टक्के सायट्रिक आम्ल असते. उष्णतेने माशातल्या प्रथिनांची घडी मोडते, तशी ती आम्लानेही मोडते. काचेसारखे दिसणारे मांस दुधी, पांढरे आणि घट्ट होते. कच्चे झिंगे तर लिंबाच्या रसात गुलाबीही होतात, अगदी उकळत्या पाण्यातून काढल्यासारखे. डोळ्यांना वाटते शिजले. पण उष्णतेने जंतू आणि कृमी मरतात, तसे या आम्लाने खात्रीने मरत नाहीत. गोड्या पाण्यातल्या माशांत आणि खेकड्यांत परजीवी कृमींच्या अळ्या असू शकतात, आणि त्यांना लिंबाची फारशी मातब्बरी नसते. कच्चा मासा खायचाच असेल तर तो आधी उणे २० अंश सेल्सियसला सात दिवस गोठवून ठेवावा, ही अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाची शिफारस. तीही कृमींपुरती, जंतूंना लागू नाही. घरच्या फ्रिजचा वरचा कप्पा फार तर उणे १८ पर्यंत जातो आणि वीज गेली की तेवढाही राहत नाही. सेविचे ज्या देशाचा अभिमान आहे त्या पेरूतही १९९१ साली पटकीची मोठी साथ आली, तेव्हा पहिला संशय कच्च्या मासळीवर गेला आणि लोकांनी काही काळ या पदार्थाकडे पाठ फिरवली.

मग लिंबात माशाचे होते तरी काय? मराठीकडे याला तयार शब्द आहे: तो मुरतो.

'मुरणे' हे क्रियापद मला फार प्रिय आहे. लोणचे मुरते, मीठ मुरते, मसाला मुरतो, चोळलेली हळद मुरते. बाहेरचे काही आत शिरते, सावकाश, जाळ नसताना, आणि आतल्या वस्तूचा स्वभाव बदलून टाकते. वेळ हे या क्रियापदाचे इंधन. मुरलेला गवई, मुरलेला राजकारणी म्हणताना आपण तेच सांगतो. आणि 'पाणी कुठेतरी मुरतंय' म्हणतो तेव्हा दिसत नाही तिथे काहीतरी चालले आहे, हा अर्थही याच शब्दातून निघतो. कोरडवाहू बीडला पाण्याचे मुरणे आणि जिरणे वेगळे शिकवायला नको. 'पाणी अडवा, पाणी जिरवा' या घोषणेतले 'जिरणे' संस्कृत 'जीर्यति'चे, म्हणजे पचणे, जीर्ण होणे. पचनाला मदत करणारे जिरे त्याच कुळातले. जिरलेली गोष्ट नाहीशी होते, मुरलेली गोष्ट आत राहून काम करते. माशाला लावलेले लिंबू जिरत नाही, मुरते.

मुरण्याच्या ओघात मुरांबा आठवतोच, आणि तिथे थोडे सावध राहावे लागते. मुरलेला आंबा तो मुरांबा, ही फोड इतकी गोड आहे की ती खरी मानायचा मोह होतो. पण शब्द अरबी-फारसीतून आलेला 'मुरब्बा' आहे. अरबीत त्याचा अर्थ पोसलेला, वाढवलेला, जपून ठेवलेला. मराठी तोंडात शिरताना त्याला 'मुरणे' आणि 'आंबा' असे दोन ओळखीचे सोबती भेटले आणि त्याचे रूप बदलले. याच अरबी धातूचा दुसरा शब्द 'मुरब्बी', म्हणजे मूळचा पोसणारा, सांभाळणारा, आश्रयदाता. मराठीत मुरब्बी माणूस म्हणजे अनुभवाने पक्का झालेला. मुरांब्याशी त्याचे खरे नाते आहे आणि 'मुरणे'शी नुसता शेजार, तरी आपल्या मनात तिघांची गाठ पक्की बसली आहे. शब्दांच्या इतिहासात असे मानलेले नातेही पुढे अर्थ घडवते. मुरब्बी माणूस मुरलेला वाटू लागला तो त्यामुळेच.

इंग्रजीतून आलेल्या 'मॅरिनेट' शब्दाची कथा समुद्राची आहे. लॅटिनमध्ये 'मारे' म्हणजे समुद्र; त्यावरून खाऱ्या पाण्यात मासा ठेवणे हा अर्थ रोमान्स भाषांत तयार झाला आणि पुढे खारे पाणी गेले, व्हिनेगर आले, दही आले, तरी नाव समुद्राचेच राहिले. आज बीडमध्ये कोंबडीचे तुकडे दह्यात 'मॅरिनेट' करून ठेवले जातात, तेव्हा त्या पातेल्यात समुद्राचा एक थेंब नसतो. शब्द तेवढा दर्यावर्दी.

समुद्र बीडला पूर्वीपासून पोचत होता तो वाळून. आठवडी बाजारात सुकट आणि बोंबील घेऊन बसलेल्या बायकांची रांग असे आणि अजून असते. सुकट म्हणजे सुकवलेले. 'शुष्क'वरून सुकणे, त्यावरून सुकट. ती तव्यावर कोरडी भाजून कांदा-तिखटात परतायची, वरून लिंबू पिळायचे आणि ज्वारीच्या भाकरीबरोबर खायची. कालवण मात्र नदीच्या माशाचे. गोदावरीकाठचे भोई पिढ्यान्पिढ्या मासेमारी करत आले. या मुलखावर एकेकाळी कल्याणीच्या चालुक्यांचे राज्य होते. आजच्या बिदर जिल्ह्यातले बसवकल्याण ही त्यांची राजधानी. त्यांच्यातल्या तिसऱ्या सोमेश्वराच्या नावावर असलेल्या, ११३०च्या सुमाराच्या 'मानसोल्लास' या संस्कृत ग्रंथात माशांचे प्रकार, गळ टाकून मासे धरणे आणि माशांचा स्वयंपाक हे सारे तपशिलाने आले आहे. तेव्हा आतल्या मुलखाला मासा परका, ही समजूत खरी नाही. 'मासा' हा शब्दही अस्सल देशी वळणाचा: मत्स्य, मच्छ, मासा. वत्साचा वच्छ होऊन वासरू झाले, त्याच रीतीने. आणि रोहू म्हणजे 'रोहित', तांबूस.

आता 'सेविचे'कडे वळू. हा शब्द कोठून आला यावर अजून वाद आहेत. पेरूतले काही जण त्याचे मूळ तिथल्या केचुआ भाषेत शोधतात. स्पॅनिश अकादमीच्या कोशाचा कौल अरबीकडे आहे, आणि तो धागा मला सर्वांत पटणारा वाटतो. जुन्या फारसीत 'सिक' म्हणजे शिर्का आणि 'बा' म्हणजे रस्सा; दोन्ही मिळून शिर्क्यातल्या मांसाचा एक पदार्थ होता. अरबीत तो 'सिकबाज' झाला. १२२६ साली बगदादमध्ये लिहिल्या गेलेल्या अल-बगदादीच्या पाकग्रंथात त्याची कृती आहे. अरबांबरोबर हा शब्द स्पेनमध्ये गेला आणि 'एस्काबेचे' झाला: मासा आधी तळायचा आणि मग शिर्क्यात ठेवायचा. स्पॅनिश लोक अमेरिकेत गेले, त्यांच्याबरोबर शब्दही गेला असावा आणि तिथे सेविचे या रूपात उरला असावा. या प्रवासात पदार्थाचे काय काय गळून पडले ते पाहण्यासारखे आहे. मांसाच्या जागी मासा आला. मग चूल गेली. शेवटी शिर्काही गेला, त्याच्या जागी लिंबू आले. नावात अजून शिर्का आहे, ताटात नाही. उत्तर भारतातली शिकंजी या 'सिक'चीच चुलत बहीण. 'सिक' आणि 'अंगबीन' म्हणजे शिर्का आणि मध, यांचे सरबत ते 'सिकंजबीन'. तिथेही शिर्क्याची जागा लिंबाने घेतली. दोन खंडांत दोन शब्दांनी एकच वाट चालावी, याचे मला कौतुक वाटते.

'लोणचे' आणि 'सेविचे' यांचे शेवट जुळतात, म्हणून मात्र त्यांचे नाते जोडू नये. तो निव्वळ योगायोग. 'पेरू'चीही अशीच गोष्ट: देश आणि फळ यांचे नाव सारखे असले तरी आपल्या फळाचे नाव पोर्तुगीज 'पेरा', म्हणजे नासपती, यावरून आले असेल असे मानणारे अभ्यासक आहेत. सेविचेच्या आंबट-तिखट रसाला पेरूत 'वाघाचे दूध' म्हणतात. इंग्रजी विद्येला वाघिणीचे दूध म्हणणाऱ्या विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या वाचकांना ते नाव लगेच ओळखीचे वाटेल, अर्थ सर्वस्वी निराळा असला तरी.

आणि लिंबू? ते तर आपलेच. लिंबाच्या कुळाचे मूळ घर हिमालयाच्या आग्नेय पायथ्याशी, आसाम, उत्तर म्यानमार आणि युनानच्या टापूत होते, असा निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासाने काढला. तिथून ही फळे पश्चिमेला गेली. 'नारंग' शब्द फारसी-अरबीतून स्पेनमध्ये 'नारांखा' झाला. १४९३च्या दुसऱ्या सफरीत कोलंबसाने लिंबू-नारिंगाच्या बिया कॅरिबियन बेटांवर नेल्या. पेरूत सेविचेवर पिळतात ते छोटे, पातळ सालीचे लिंबू आपल्या कागदी लिंबाच्याच जातीचे आहे. त्या व्यवहारात आपल्याला मिरची मिळाली, जिला आपण जुन्या मिरीचे नाव लावले. सीताफळही तिकडूनच आले. बालाघाटच्या डोंगरांत ते इतके रुजले की २०१६ साली बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन मिळाले. गेवराईच्या बागांतली मोसंबी तर नावातच मोझांबिक घेऊन आली आहे. पपनस डच भाषेतून आले असे मानतात. फळबागेत उभे राहून दर्यापारची इतकी नावे घेता येतात, हे समुद्र नसलेल्या जिल्ह्याचे वैभव आहे.

संस्कृतात 'निम्बूक', हिंदीत 'नींबू', आणि मराठीत 'लिंबू'. हा 'न'चा 'ल' मराठीला फार आवडतो. निंबाचा लिंब झाला. नवनीताचे लोणी झाले. कधी उलटही घडते: लांगलाचा नांगर झाला, ललाटाचे निढळ झाले, ज्या निढळाचा घाम शेतकरी गाळतो. त्यामुळे मराठीत लिंब आणि लिंबू जवळजवळ एकरूप होऊन बसले. एक कडू, एक आंबट. लिंबाच्या झाडाचे फळ लिंबोळी आणि लिंबाचे, म्हणजे आंबट लिंबाचे, झाड लिंबोणी. कुठे कुठे निंबोणी हे जुने रूपही जिवंत आहे. परभाषिकाला हे कोडे वाटेल. बीडच्या पोराला दोन्ही झाडे बांधावर दिसतात.

लिंबाचा जोडीदार मीठ. हिंदीत मीठा म्हणजे गोड आणि मराठीत मीठ म्हणजे खारट, याचे नवल अनेकांना वाटते. दोन्हींच्या मुळाशी 'मृष्ट', म्हणजे चवदार. ज्याच्यामुळे अन्नाला चव येते ते मीठ. हा शब्द आला आणि आधीचा 'लोण' मागे सरकला. लवणाचे लोण. ते संपले मात्र नाही. लोणच्यात ते आहे, लोणारच्या खाऱ्या सरोवराच्या नावात आहे, दृष्ट काढताना उतरलेल्या लिंबलोणात आहे. तिथला लिंब मात्र कडुलिंब. आट्यापाट्यांच्या खेळात लोण पोचवतात आणि कबड्डीत लोण चढवतात तेही हेच मीठ, असे मानले जाते.

आता घरी काय करावे ते सांगतो. मासा तळायचा असेल तर तुकड्यांना आधी मीठ, हळद आणि लिंबू लावून पंधरा-वीस मिनिटे ठेवावे. त्याहून जास्त ठेवले तर मांस भुसभुशीत होते आणि तव्यावर सुटते. मोसंबीने हे काम होत नाही, तिचा आंबटपणा तोकडा. लिंबू आधी तळहाताखाली दाबून फिरवावे, म्हणजे रस सुटतो. 'पिळणे' आणि 'पीडा' हे एकाच 'पीड्' धातूचे. फळाला इतकी पीडा द्यावीच लागते.

सेविचेच्या चवीचे काही हवे असेल तर माजलगावचे झिंगे घ्यावेत. सोलून, पाठीतली काळी शीर काढून, मिठाच्या उकळत्या पाण्यात टाकावेत. लालसर होऊन ते पूर्ण आकसले, मधे कापून पाहिल्यावर आत काचेसारखे काही उरले नाही, की बाहेर काढावेत. दोन-तीन मिनिटे पुरतात. हे शिजणे. गार झाल्यावर त्यांवर तीन-चार कागदी लिंबांचा रस, उभा चिरलेला कांदा, हिरवी मिरची, कोथिंबीर आणि मीठ घालून अर्धा तास झाकून फ्रिजमध्ये ठेवावेत. हे मुरणे. दोन्ही क्रियापदे आपापल्या जागी, आणि क्रमही एस्काबेचेच्या जुन्या वाटेवरचा, आधी चूल आणि मग आंबट. या पदार्थाला परके नाव लावायची मला गरज वाटत नाही. खारातली मिरची म्हणतो तसे लिंबातले झिंगे म्हणावे. लोणच्यासारखे ते बरणीत भरून ठेवू नयेत. केले त्याच दिवशी, गरम भाकरीबरोबर संपवावेत.